ज्याच्या शेतात पाणी

४ मे

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या सभागृहात भाषण. विषय: आपत्ती आणि विद्यापीठ. पंचावन्न मिनिटं. पंखे बंद, माइक चांगला. "पूर ओसरल्यावर अहवाल लिहायला येणारं विद्यापीठ आम्हाला नको. पाणी चढत असताना दार ठोठावणारं हवं!" टाळ्या थांबेनात.

सवयीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. कोपऱ्यातली खुर्ची. तिथे एक जण मोबाइल चार्जिंगला लावून बसलेला.

दादा तिथे बसायचा. गावात, भिवंडीत, ठाण्याला, जिथे माझं भाषण तिथे. थोरला भाऊ म्हणून लोक पुढे बसवायला जायचे तर म्हणायचा, न्हाय, मागूनच नीट ऐकू येतं. मी लांबलो की पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा. बस, एवढंच. टोपी दिसली की मी दोन वाक्यांत आवरतं घ्यायचो. लोक म्हणत, सरांना थांबायचं बरोबर कळतं. मला कुठलं कळतंय.

सहा वर्षं झाली, तो येत नाही. आज निदान पंधरा मिनिटं जास्त बोललो.

७ मे

विद्यापीठाचं पत्र. आमच्या कॉलेजात भूगोल विभागाने आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवावा, चार श्रेयांकांचा. आराखडा मी करायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते दारात आलं.

पत्रात एक रकाना: स्थानिक तज्ज्ञ. वाचल्यावर एकच चेहरा समोर आला.

संध्याकाळी घरी बायकोला, सु.ला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी त्यांच्या घरात जा. मग त्यांना अभ्यासक्रमात घाला."

बत्तीस वर्षं माझी भाषणं ऐकून या बाईने ही सवय लावून घेतली आहे. एका वाक्यात संपवायचं.

१२ मे

आराखडा लिहायला बसलो. पहिली चार पानं भराभर झाली. जगातले पूर, जगातली शहाणी गावं. पुस्तकांनी टेबल भरलेलं. मग आमचं गाव, अंजूर आलं आणि पेन थांबलं.

अंजूरची जमीन खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे मातीचा बांध. बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडप. भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. बांध फुटला तर त्याला म्हणायचं खांड. ज्याला खांड दिसेल त्याने हाक मारायची. हाक ऐकली की घरटी एक माणूस, फावडं घेऊन. आणि ज्याच्या शेतात पाणी शिरलंय त्याने फावड्याला हात लावायचा नाही. त्याने बाजूला उभं राहायचं.

मी नऊ वर्षांचा होतो. खांड आमच्याच शेतावर पडली होती. सगळा गाव खपत होता आणि बाबा हाताची घडी घालून लांब उभे. मला वाटलं, त्यांना कसली तरी शिक्षा केलीय. रडायला लागलो. दादाने खांद्यावर घेतलं. "अरे येड्या, त्यांचा जीव वर आलाय. ते आत्ताच माती टाकत सुटतील. चढत्या पाण्यात टाकलेली माती वाहून जाते, खांड आणखी रुंद होते. ज्याचं काय जात न्हाय तोच ओहोटीपर्यंत थांबू शकतो."

एवढं शहाणपण मी नंतर कुठल्या ग्रंथात वाचलं नाही. आणि ग्रंथ कमी वाचले नाहीत.

हे दादाने वर्गात सांगायला हवं. त्याच्या तोंडून. मी सांगितलं तर ते भाषण होईल.

१९ मे

विद्यापीठात बैठक. आराखडा मंजूर.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "या तज्ज्ञांची शैक्षणिक अर्हता?" म्हटलं, सातवी. कुणीतरी हसलं. मग मी उभा राहिलो. बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा ग्लास सांडला, आणि शेवटी दोघे-तिघे चक्क टाळ्या वाजवत होते. बैठकीत!

तोडगा निघाला. सातवी पास माणसाला तज्ज्ञाच्या रकान्यात घालता येत नाही. तिथे माझं नाव. दादाचं नाव खालच्या रकान्यात: माहिती देणारी व्यक्ती. तासाला तो आला तरी चालेल. सही केली. परतताना सगळा रस्ता मनात नगारे.

२३ मे

नाझनीन आली होती. एम.ए. दुसरं वर्ष. भिवंडीच्या निजामपुऱ्यात वडिलांचे आठ लूम, यंत्रमाग. आराखडा वाचून काढलेला, समासात पेन्सिलीच्या खुणा.

"सर, गल्लीत पाणी यायला लागलं की अब्बा आधी लूमच्या मोटरी खोलून वर चढवतात, विटांवर. एका मोटरीला दहा-पंधरा मिनिटं. आठ मोटरींना माणसं कमी पडतात. आम्हाला पाणी दिसतं तेव्हा ते उंबऱ्यावर असतं. कुणी आधी सांगितलं तर?"

मी म्हटलं, दादा लहानपणी सांगायचा, उघाडीशी पाणी अमुक दगडाला लागलं की तासा-दोन तासांनी निजामपुऱ्याच्या गटारांतून उलटं वर येतं. खाडी भरलेली, नदीला जायला जागा नाही.

ती बघतच राहिली. "मग हे त्यांना माहीत असतं. आणि आम्हाला नाही?"

"नाही."

"किती वर्षांपासून?"

 पंचवीस वर्षं दोन्हीकडे माझं येणं-जाणं आहे. अंजूरला घर, निजामपुऱ्यात विद्यार्थी.

जाताना म्हणाली, "अब्बा विचारत होते, कॉलेजमें पानी नापना सिखाते हैं या पानी पे बोलना?"

पोरगी लाजली नाही. बरं वाटलं.

२ जून

अभ्यासक्रमाची पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद. दादाच्या मुलाला, रोशनला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. खाली लिहिलं: दादाला दाखव. पान ११.

दोन निळ्या खुणा लगेच. उत्तर नाही.

५ जून

वहिनीचा फोन. सहा वर्षांत ती सणासुदीला करते, चोरून. आज चोरून नव्हता.

"भावोजी, रोशनने सगळं वाचून दाखवलं. अकरावं पान दोनदा वाचायला लावलं ह्यांनी."

"मग?"

"मंग काय. म्हणाले, बांध कुणी राखला, आन तज्ज्ञ कोण! मी माहिती देणार, हा नाव लावणार. असं म्हणाले आन उघाडीवर गेले. जेवले न्हाईत."

मी नियम, अर्हता, रकाने समजावायला लागलो. वहिनी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्ही बोलता झ्याक, भावोजी. पण सही तं तुमचीच हाय ना खाली?"

६ जून

झोप लागली नाही ते लिहून काय उपयोग. ज्याच्यामुळे लागली नाही ते लिहितो. आजवर लिहिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीची ग्रामसभा. दादाने बांधालगतचं आमचं शेत गोदामवाल्याला दिलेलं. मला विचारलं नाही असं नाही, विचारलं होतं. मी "बघू" म्हणून कुठल्याशा परिषदेला निघून गेलो होतो. परत येतो तर व्यवहार झालेला. सभेत उभा राहिलो. गोदामांच्या विरोधात बोलत होतो, खरं बोलत होतो, आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. फक्त शेवटचं वाक्य. "ज्या बांधात माझ्या बापाचा घाम जिरलाय, त्याच्या कडेची जमीन विकणाऱ्याला मी भाऊ म्हणत नाही."

गाव उसळला. टाळ्या.

लोकांना वाटतं, रागाच्या भरात निघून गेलं. सु.लाही तसंच वाटतं.

त्या वाक्याच्या आधी दादाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मला दिसली होती.

११ जून

तास सुरू. बत्तीस जण. श्रेयांकांसाठी आलेले निम्म्याहून जास्त. असू दे.

शेवटच्या बाकावर कुणी बसत नाही. सगळी पोरं पुढे पंख्याखाली दाटीवाटीने.

१५ जून

अंजूरला गेलो. शेअर रिक्षा. दोन्ही बाजूंना गोदामं, निळे पत्रे. ट्रेलर वळेपर्यंत रिक्षा पाऊण तास उभी. रिक्षावाला म्हणाला, "सर, इथं आधी काय होतं?" म्हटलं, आम्ही.

दादा घरात नव्हता. वहिनीने चहा टाकला, हात धुवायला पाणी दिलं, जसं पाहुण्याला देतात. तिथेच कळलं.

मागच्या दारातून बांध दिसतो. दादा उघाडीवर वाकून झडपेच्या कडेला काहीतरी लावत होता. वहिनी म्हणाली, ग्रीस. शेत गेलं तरी उघाडी त्याचीच. रोज एक भरती बघतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारत नाही.

"मग विकलं कशाला, वहिनी?" सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

ती उंबऱ्यात बसली. "त्याच्या आदल्या पावसाळ्यात खांड पडली. ह्यांनी हाक मारली. पोरं गोदामांत ड्युटीला, कुणी ठाण्याला, कुणाच्या कानात त्या वायरी. हे बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत पळत होते. चाळीस घरांतून दोघं आले. दोघं. खांड आमच्यावर, म्हणून ह्यांनी फावडं धरलं न्हाय. ते दोघं म्हातारे खपत होते आन हे उभे. सगळं शेत खारं झालं. घरी आले, म्हणाले, आता राखून काय करू."

मग हळूच, "भावोजी, तेव्हा तुम्हाला पण फोन लावला होता. बंद होता तुमचा."

बांधावर गेलो नाही. लांबून पाहिलं. पाठ अजून तशीच, डावा खांदा खाली. हाक मारावीशी वाटली. दादा, एवढीच. इतकी भाषणं केली, दोन अक्षरं निघाली नाहीत.

१६ जून

जुनी रोजनिशी काढली. माळ्यावर, खोक्यात. खांड पडली तो आठवडा सापडला.

माझंच अक्षर: "परिषदेत निबंध वाचला. 'आपत्तीकाळात लोकसहभाग.' उत्तम प्रतिसाद. फोन बंद ठेवला होता. शाल, श्रीफळ. दादाला सांगायला हवं, खूश होईल."

शाल कपाटात आहे. सु.ला म्हटलं, ती कुणाला तरी देऊन टाक. तिने कारण विचारलं नाही. घडी घालून ठेवली, दिली नाही. बरं केलं. समोर असलेली बरी.

२१ जून

नाझनीन दोन मैत्रिणींना घेऊन परस्पर अंजूरला जाऊन आली! मला न सांगता. वही भरून आणली.

दादा तिच्याशी तीन तास बोलला.

तीन तास. मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. पानोपानी दादा. उघाडीच्या भिंतीत सात दगड. तिसऱ्याला पाणी लागलं तर कानोसा घ्या. चौथ्याला लागलं आणि वर पाऊस असेल तर भिवंडीत सांगा. पाचव्याला सांगून उपयोग नाही. वाऱ्याची दिशा, खेकडे बिळांतून वर कधी येतात, बांधाची माती पायाखाली कशी वाजते. तिने चित्रं काढलीत.

"त्यांनी विचारलं, कोणी पाठवलं? मी म्हटलं, कोणी नाही काका, आमच्या गल्लीत पाणी येतं. मग म्हणाले, बस पोरी."

"आणखी काय म्हणाले?"

तिने वही मिटली. "विचारत होते, तुझे सर अजून लय लांबतात काय?"

"तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं, सर."

हसलो. मग तोंड धुवायला जावं लागलं.

२४ जून

विद्यापीठात. आज बैठक नाही, खिडकी. मोठी रांग. अर्ज हाताने लिहून नेला होता: तज्ज्ञाच्या रकान्यातलं माझं नाव काढावं, तिथे भावाचं घालावं.

खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. "सर, तुमचं भाषण ऐकलंय मी. पण बदल पुढच्या वर्षी होतो. आणि तुमचं नाव काढलं तर तज्ज्ञच उरत नाही. मग अभ्यासक्रमाची मान्यता थांबते."

भाषण ओठांवर आलं होतं. मागे तीस-पस्तीस माणसं, आयता श्रोता. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभं राहून विद्यापीठाला चार शब्द ऐकवायला माझ्यासारखा माणूस नाही.

गिळलं. म्हटलं, "माझं नाव काढा. मान्यतेचं कळवा."

त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मग शिक्का मारला. बत्तीस पोरांच्या श्रेयांकांवर माझ्या भावाचा राग काढतोय का मी? की माझा? परतताना हाच विचार.

१ जुलै

गेल्या आठवड्यात वर्गात सगळं सांगितलं. श्रेयांक मिळतीलच असं नाही. दुसऱ्या दिवशी अठरा जण. तिसऱ्या दिवशी अकरा. ते राहिले.

अकरांनी हाकेची यादी केली. दादाचा फोन विभागात. विभागातून एकेकाने पाच फोन. निजामपुऱ्याच्या सखल गल्ल्या वाटून घेतल्या. नाझनीनने आपली गल्ली स्वतःच्या नावापुढे लिहिली. मी खोडली.

"माझीच गल्ली मला नाही?"

"नाही. तुझी गल्ली धामणकर नाक्याचा तो प्रसाद बघेल. तू त्याच्या मामाची बघ."

चिडली. "का?" बांधावरचा नियम सांगितला. तुझ्या घरी पाणी आलं तर तू पहिला फोन घरी करशील, मग दुसरा, मग अब्बांना मोटरी उचलायला पळशील. बाकीचे नंबर राहतील.

तिने पेन्सिल उचलली. मग स्वतःच यादी नव्याने लिहून काढली.

पस्तीस वर्षं शिकवतोय. विद्यापीठ म्हणजे काय ते आज दिसलं. चाळीस घरं हाकेला येत नाहीत आता. मग हाकेला धावणारी दुसरी माणसं तयार करायची, ज्यांच्या घरात आज पाणी नाही. दादाला सांगावंसं वाटलं. कुणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं की नेहमी तोच.

८ जुलै

रंगीत तालीम. साधी भरती. ठरलं होतं की दुपारी तीनला दादा विभागाच्या फोनवर करेल, नाझनीन उचलेल. ती गच्चीवर गेलेली. फोन वाजला. वाजत राहिला. मी उचलला.

"कोण?"

"मी."

खाडीवरचा वारा ऐकू येत होता. त्यात त्याचा श्वास.

"पोरीला दे."

दिला.

एवढंच. घरी येऊन सु.ला सांगितलं, आज दादा बोलला. तिने विचारलं, काय म्हणाला? सांगितलं. ती म्हणाली, "वाईट नाही." आणि रात्रीच्या जेवणाला त्याच्या आवडीची सुक्या जवळ्याची चटणी केली. का केली ते दोघांनाही माहीत होतं. 

१४ जुलै

सकाळपासून कोसळतोय. साडेदहाला फोन. नाझनीनने उचलला, स्पीकरवर टाकला. "तिसरा दगड." वीस मिनिटांनी, "चौथा. उघाडी मिटली हाय. सांगून टाक पोरी सगळ्यांना."

अकरा पोरं, अकरा मोबाइल. कुणी हिंदीत, कुणी मराठीत, एक जण तेलुगूत. मी कोपऱ्यात स्टुलावर. माझ्याकडे कुठली गल्ली नव्हती. हे त्यांनीच ठरवलेलं.

बाराच्या पुढे गटारं उलटली. नाझनीनच्या गल्लीत आठही मोटरी विटांवर. प्रसादने तिच्या अब्बांना चारदा फोन केला म्हणे. चौथ्यांदा त्यांनी झापलं, "उठा लिया बाबा, अब नहाने दे!"

पण एका गल्लीत काहीच पोचलं नाही. नंबर मालकाचे घेतले होते. मालक दुसऱ्या गावाला. शिफ्टवर कारागीर होते, त्यांचे नंबर आमच्याकडे नाहीत. मागावर चढवायचे सुताचे मोठे रूळ, बीम, भिजले. एका कारागिराचा पाय उघड्या गटारात जाऊन मोडला.

कॉलेजवाल्यांची चूक. दार कोणाच्या नावाचं ते आम्ही विचारलं. दाराशी कोण असतं ते नाही.

१५ जुलै

दवाखान्यात गेलो. कारागीर, मधुबनीचा, चाळिशीचा. पायाला प्लास्टर. म्हणाला, "सर, अगली बार हमारा नंबर लिखिए. मालिक को पानी नहीं लगता." त्याचा नंबर लिहिला, त्याच्या खोलीतल्या बाकी सहा जणांचेही. माझ्या हाताने.

भाषण करायला कुणी बोलावलं होतं संध्याकाळी, यशाबद्दल. नाही म्हटलं. कुठलं यश.

१७ जुलै

विद्यापीठाचं पत्र. तज्ज्ञाअभावी अभ्यासक्रमाची मान्यता स्थगित. खुलासा पाठवावा. खुलासा लिहायला घेतला, सात पानं झाली. फाडला. आता एका पानाचा लिहीन. पोरांचं वर्ष वाया जाता कामा नये, हे पहिलं वाक्य. दादाचं नाव दुसऱ्या.

पोरांना सांगितलं. अकरांतले नऊ उरले. एकाची आई येऊन भेटली, श्रेयांक नाहीत तर मुलगा का येतो विचारत होती. तिचं काय चुकलं.

१९ जुलै

नाझनीन निरोप घेऊन आली. परवा अमावस्या, वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. बांधाला उघाडीच्या पूर्वेला मऊ जागा झालीय, दादाला पायाखाली कळतं. पोरांना घेऊन ये म्हणाला, फावडी घेऊन. ओहोटीला माती लावून घेऊ.

"आणि सर, तुमच्यासाठी वेगळं सांगितलंय." वही उघडली. शब्दन् शब्द लिहून आणलेला.

"सरांना सांग, यायचं तर ये. फावडं धरायचं न्हाय. बोलायचं न्हाय. बाजूला उभं ऱ्हायचं."

तिला वाटलं मी दुखावलो. समजावायला लागली, काका तसे रागीट नाहीत.

कसं सांगू हिला. फावडं कुणाला धरू देत नाहीत ते मला माहीत आहे. त्याला दिसलंय, पाणी कुणाच्या शेतात आहे ते.

२१ जुलै

हे बांधावर बसून लिहितोय. पेन्सिलीने. भुरभुर आहे.

वहिनीने दारात थांबवलं, "डोकं भिजेल," म्हणाली आणि दादाची जुनी टोपी हातात दिली. घातली. सु.ने दिलेला जवळ्याच्या चटणीचा डबा तिच्याकडे दिला. तिने झाकण उघडून वास घेतला, आत नेऊन ठेवला.

ओहोटी पूर्ण आहे. नऊ पोरं, गावातली चार, आणि प्लास्टरवाल्या कारागिराचे दोन सोबती, ज्यांना अंजूर कुठे ते कालपर्यंत माहीत नव्हतं. दादा त्यांना माती कुठली घ्यायची ते दाखवतोय. वरची नको, ती वाळूसारखी. हाताने दाबून बघ. हां, ही. बोलतोय. थांबतच नाही. खांडीच्या गोष्टी, बाबांच्या गोष्टी, माझी खांद्यावर बसून रडायची गोष्ट. पोरं हसली. मला ऐकू आलं. मागूनच नीट ऐकू येतं.

मी सगळ्यांच्या मागे, दगडावर. शेवटची रांग.

अजून माझ्याकडे बघितलेलं नाही. आल्यावर "ये"सुद्धा म्हणाला नाही. संध्याकाळी निघताना म्हणेल का, माहीत नाही. चटणी जेवेल का, माहीत नाही. ही माती रात्रीची भरती धरेल का, ते तर त्यालाही माहीत नाही. आत्ताच नाझनीनला म्हणाला, "बगू. पाण्याला विचारू."

एक तास झाला असेल. बोलता बोलता मधेच थांबला. वळला. पोरांच्या डोक्यांवरून सरळ इकडे बघितलं. फार लांबलो काय, असं विचारल्यासारखं.

माझे दोन्ही हात वहीवर होते. टोपी डोक्यावरच ठेवली.

त्याने मान वळवली. पुन्हा सुरू झाला आहे. तिकडे खाडीत पाणी फिरलं. पहिल्या दगडाशी आलं आहे.